गाडीतले टेंपरेचर सेन्सर: सुरुवात पहाटेच्या तपासणीपासून

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये माझ्या गाडीचा रेडिएटर फॅन चावी फिरवताक्षणी पूर्ण वेगात सुरू व्हायला लागला. इंजिन गार असो की गरम, फॅनचं घोंघावणं चालूच. ॲव्हरेज पडलं, सकाळी गाडी दोन-तीन वेळा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होईना, एक्झॉस्टला पेट्रोलचा वास यायला लागला आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा कायमचा वस्तीला आला. एका गॅरेजने आधी फॅनचा रिले बदलला. आठवड्याने स्पार्क प्लग बदलले. तिसऱ्या खेपेला ‘रेडिएटर चोक आहे, नवा टाकावा लागेल’ असं ऐकल्यावर मी गाडी तशीच घोडबंदर रोडवरून घरी आणली.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मोजमापाची उपकरणं दुरुस्त केली. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, “उद्या सकाळी सहाला हाक मार. गाडी चालू करू नकोस.” सकाळी त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढा एक ॲडॅप्टर खोचला, चावी ऑन करायला सांगितली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान: उणे ४० अंश. ठाण्यात, एप्रिल महिन्यात! “तुझ्या गाडीला वाटतंय ती सियाचीनला उभी आहे,” काका म्हणाले. मग बॉनेट उघडून त्यांनी इंजिनजवळचा एक छोटा कपलर, म्हणजे सेन्सरला वायर जोडणारा प्लग, बोटाने हलवला. तो अलगद निसटून हातात आला. लॉक तुटलेलं, आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. पिना साफ करून कपलर नीट बसवला आणि आकडा २८ वर आला. रिले, प्लग, रेडिएटर, सगळं निर्दोष होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

त्या सकाळपासून मी या विषयाच्या मागे लागले. नव्याने गाडी घेतलेल्या, बॉनेट उघडायला बिचकणाऱ्या माणसाला घरच्या पार्किंगमध्ये जेवढं करता येतं, तेवढं इथे क्रमाने लिहिते आहे.

गाडीत थर्मामीटर किती?

डॅशबोर्डवर एक काटा, म्हणून सेन्सरही एकच असं वाटतं. साध्या पेट्रोल हॅचबॅकमध्येही तीन-चार तरी असतात.

सगळ्यांत महत्त्वाचा कूलंट टेंपरेचर सेन्सर. इंजिनभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये टोक बुडवून तो बसलेला असतो, बहुधा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, घराजवळ. या घराला आपल्याकडचे बरेच मिस्त्री ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, याच्या आकड्यावरून पेट्रोल किती सोडायचं, स्पार्क कधी द्यायचा, रेडिएटर फॅन कधी लावायचा आणि इंजिन फार तापलं तर एसीचा कंप्रेसर कधी बंद करायचा, हे ठरवतो. त्यामुळे हा सेन्सर चुकला की बिघाड दिसतो भलतीकडेच.

दुसरा इनटेक एअर टेंपरेचर सेन्सर. इंजिनात जाणारी हवा किती गरम आहे ते तो सांगतो. गरम हवा विरळ, तिच्यात ऑक्सिजन कमी, म्हणून पेट्रोलही कमी लागतं. एअर फिल्टरनंतरच्या पाइपात किंवा मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांवर, तो सापडेल. बऱ्याच गाड्यांत प्रेशर सेन्सर आणि हा एकाच डबीत असतात. डबीला चार पिना दिसल्या तर बहुधा तोच.

तिसरा बाहेरच्या हवेचा, पुढच्या बंपरच्या जाळीमागे. चौथा एसीच्या कूलिंग कॉइलवर, त्याच्याबद्दल पुढे सविस्तर. ऑटोमॅटिक एसी असेल तर स्टिअरिंगजवळ नखाएवढ्या जाळीमागे केबिनचा सेन्सर आणि डॅशबोर्डच्या वर, काचेजवळ, काळ्या टिकलीसारखा एक उन्हाचा सेन्सर असतो. हा शेवटचा तापमान नाही, उजेड मोजतो. डॅशबोर्डवर मॅट अंथरताना किंवा गणपती बसवताना ही टिकली झाकली जाते आणि भर उन्हातही एसी संथ चालतो. मूर्ती चार बोटं बाजूला बसवा.

डिझेल गाड्यांत एक्झॉस्टच्या वाटेवरही सेन्सर असतात. तिथला फिल्टर स्वतःची काजळी जाळतो तेव्हा तापमान ६०० अंशांच्या घरात जातं, म्हणून तिकडे घरी हात घालू नका. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत अनेक सेन्सर असतात, पण उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी वायरींच्या जवळपास आपलं काहीच काम नाही.

उणे ४० येतं कुठून

हे बहुतेक सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तापमान वाढलं की ज्याचा विद्युतरोध घटतो असा मण्याएवढा तुकडा. गाड्यांमध्ये नेहमी आढळणाऱ्या एका प्रकाराचे आकडे साधारण असे: बर्फाच्या पाण्यात सुमारे ५.९ किलोओहम, २० अंशांना २.५ किलोओहम, ३० अंशांना १.७ किलोओहम, ८० अंशांना ३२० ओहम आणि १०० अंशांना १९० ओहमच्या आसपास. तुमच्या गाडीचा तक्ता थोडा वेगळा असू शकतो, पण उताराची दिशा हीच.

ईसीयू आपल्या आतल्या एका ठरावीक रेझिस्टरमधून या सेन्सरला ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सरपाशी किती व्होल्ट उरतात ते बघतो. इंजिन गार, रोध जास्त, म्हणून व्होल्टही जास्त. इंजिन तापलं की व्होल्ट खाली. आता वायर तुटली किंवा कपलर निसटला तर जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. ईसीयूच्या लेखी ही कमालीची थंडी, म्हणजे उणे ४०. उलट दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर व्होल्ट शून्याला टेकतात आणि इंजिन भट्टीसारखं तापल्याचा आकडा येतो.

उणे ४० हाच आकडा का? ओबीडीच्या, म्हणजे गाडीतली माहिती आणि बिघाडाचे कोड स्कॅनरला सांगणाऱ्या व्यवस्थेच्या, ठरलेल्या पद्धतीत तापमान ० ते २५५ अशा एका संख्येत पाठवलं जातं आणि वाचताना त्यातून ४० वजा करतात. म्हणून सगळ्यांत खालची पायरी उणे ४० आणि वरची २१५. ठाण्यात किंवा नवी मुंबईत मोबाइलवर उणे ४० दिसलं, तर सेन्सर विकत घेण्याआधी वायर बघा.

स्कॅनरवर येणारे कोड वाचतानाही हे लक्षात असू द्या. पी०११८ म्हणजे कूलंट सेन्सरचं ‘इनपुट हाय’. यातलं हाय हे व्होल्टचं आहे, तापमानाचं नाही, म्हणजे बहुधा तुटलेली जोडणी. पी०११७ हा ‘लो’, बहुधा शॉर्ट. पी०११६ म्हणजे आकडा येतोय पण पटण्यासारखा नाही. इनटेक हवेसाठी हीच जोडी पी०११३ (हाय) आणि पी०११२ (लो). ‘हाय’ वाचून इंजिन गरम झालं असं समजणारे लोक मी गॅरेजमध्येही पाहिलेत.

पायरी पहिली: पहाटेची तपासणी

लागणारं साहित्य थोडं आहे. ब्लूटूथचा ओबीडी ॲडॅप्टर, मोबाइलवर तो वाचणारं एखादं ॲप आणि एक वही. आयफोन असेल तर ॲडॅप्टर त्याच्याशी जुळणारा आहे का, हे घेण्याआधी विचारा. सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर असतं. काम झालं की ॲडॅप्टर काढून ठेवा, नाहीतर गाडी बरेच दिवस उभी राहिल्यास बॅटरी उतरते.

गाडी रात्रभर, किमान आठ तास, उभी असली पाहिजे. ऊन पडायच्या आत खाली उतरा. बॉनेट उघडू नका, इंजिन सुरू करू नका. फक्त चावी ऑन करा. बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबलं की बहुतेक गाड्यांत इग्निशन लागतं. आता ॲपमध्ये तीन आकडे शोधा: कूलंट, इनटेक एअर आणि उपलब्ध असेल तर बाहेरची हवा. वहीत लिहा.

रात्रभरात इंजिन, पाइप, बंपर, सगळ्यांचं तापमान आजूबाजूच्या हवेइतकं झालेलं असतं. म्हणून तिन्ही आकडे जवळपास सारखे असायला हवेत, फार तर चार-पाच अंशांचा फरक. हवेचा आकडा २७, इनटेकचा २८ आणि कूलंटचा २९ असेल तर तिघंही खरं बोलताहेत. दोन २८ आणि तिसरा ४५ किंवा १० असेल तर त्या तिसऱ्यावर संशय घ्या. माझ्या मते या एका तपासणीची सर कुठल्याच महागड्या टेस्टला नाही. वेळ पाच मिनिटं, धोका शून्य, आणि कोणता सेन्सर खोटं बोलतोय ते थेट कळतं. नव्या गाड्यांचे ईसीयूसुद्धा गार इंजिन सुरू होताना मनातल्या मनात हीच तुलना करतात.

तळघरातल्या पार्किंगमध्ये हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असते, तेव्हा हवामानाच्या ॲपशी तुलना करू नका. तुलना सेन्सरची सेन्सरशी. आणि काही गाड्या कूलंटची वायर तुटल्यावर उणे ४० ऐवजी एखादा मानलेला आकडा दाखवतात. म्हणून ॲपमधले साठवलेले कोडही वाचून घ्या.

पायरी दुसरी: गाडीचे नेहमीचे आकडे लिहून ठेवा

आता इंजिन सुरू करा आणि आकडा चढताना बघा. निघाल्यावर दहा-एक मिनिटांत तो सलग, धक्के न खाता, ८० च्या वर गेला पाहिजे. साधारण ८२ ते ८८ च्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो आणि रेडिएटरकडे कूलंट जायला लागतं. तिथे आकडा क्षणभर घुटमळतो, किंचित उतरतो, परत चढतो. हे निरोगी इंजिनचं लक्षण.

मला तीन आकडे हवे असतात: मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगात कूलंट कुठे स्थिर राहतो, उभ्या गाडीत फॅन किती अंशांना लागतो आणि किती अंशांना बंद होतो. पहिल्यासाठी मी रविवारी सकाळी पाम बीच रोड गाठते. वाशीपासून बेलापूरपर्यंत दहा-एक किलोमीटर गाडी एका लयीत चालते. बाजूच्या सीटवर बसलेल्या माणसाला वही द्या, गाडी चालवताना स्वतः मोबाइलकडे बघू नका. उरलेल्या दोघांसाठी लांब जायला नको, सोसायटीच्या आवारात एसी बंद ठेवून गाडी उभी चालू ठेवली की झालं. बहुतेक गाड्यांत फॅन ९५ ते १०० च्या आसपास किंवा थोडा वर लागतो आणि पाच-सात अंश उतरल्यावर थांबतो.

हे आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे, म्हणून दुसऱ्याच्या गाडीशी ताडून उपयोग नाही. तुमच्या गाडीचा फॅन ९८ ला लागतो हे तुम्हाला ठाऊक असेल आणि एखाद्या मे महिन्यात माजिवड्याच्या सिग्नलला तो १०४ पर्यंत लागला नाही, तर लाल दिवा लागण्याआधीच तुम्हाला कळेल.

डॅशबोर्डच्या काट्यावर यासाठी विसंबू नका. पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ पर्यंत काहीही असलं तरी तो हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. अनेक लहान गाड्यांत तर काटाच नाही. गार असताना निळा दिवा, फार तापल्यावर लाल, मधलं काहीच कळत नाही. निळा दिवा पंधरा-वीस मिनिटांनंतरही विझत नसेल तर ते तपासायला हवं.

मोकळ्या रस्त्यावर आकडा ६५-७० पर्यंत घसरत असेल आणि ट्रॅफिकमध्ये परत ९० होत असेल, तर सेन्सर बरोबर आहे, थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. कोड येतो पी०१२८. किंवा थर्मोस्टॅट जागेवरच नाही. आपल्याकडे गाडी हीट होते म्हटलं की ‘व्हॉल्व्ह (म्हणजे थर्मोस्टॅट) काढून टाकू’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. इंजिन कधी पूर्ण तापत नाही, ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो, ऑइलमध्ये ओलावा साचतो आणि हीट होण्याचं मूळ कारण तसंच राहतं. फॅन ‘डायरेक्ट’ करून देणं, म्हणजे सेन्सरला वगळून थेट चालू ठेवणं, हाही त्यातलाच प्रकार. फॅन सतत फिरतो म्हणून आज गाडी तापत नाही, पण आजारी सेन्सर झाकला जातो आणि फॅनची मोटर लवकर झिजते. सेकंडहँड गाडी घेताना या दोन्ही गोष्टी जरूर तपासा.

पायरी तिसरी: संशय आला तर

क्रम महत्त्वाचा. आधी कूलंटची पातळी, मग कपलर, मग वायर, शेवटी सेन्सर.

कूलंट आधी का? सेन्सरला जे टेकलंय त्याचंच तापमान तो सांगतो. कूलंट गळून पातळी उतरली की सेन्सरचं टोक हवेत किंवा वाफेत लटकतं. मग इंजिन तापून लाल झालं तरी आकडा कमी दिसतो, नाहीतर वर-खाली नाचतो. तापलेल्या गाडीचा काटा अचानक गारकडे पडला तर सुटकेचा श्वास सोडू नका, ताबडतोब बाजूला थांबा.

कपलर बघताना इंजिन गार आणि चावी बंद. लॉकची जिभली दाबून कपलर ओढा, वायरीला धरून कधीही ओढू नका. पिना चकचकीत हव्यात. हिरवट किंवा पांढरट थर असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने घासा आणि पूर्ण वाळू द्या. खाडीकाठच्या आपल्या भागात, ऐरोली, कोपरी, वाशी, कळवा इथे, दमट खारट हवेमुळे हा थर लवकर धरतो, त्यात चार महिने पाऊस. मी वर्षातून दोनदा बघते, मे अखेरीस आणि दसऱ्याला गाडी धुताना. इंजिनवर प्रेशर वॉशर मारून घेणं टाळाच, कपलरमध्ये पाणी शिरण्याचा तो राजमार्ग आहे.

कपलरपासून मागे वायरीवर बोट फिरवत जा. उंदीर-घुशींनी कुरतडलेल्या खुणा, पाइपाला टेकून वितळलेलं आवरण, जुन्या दुरुस्तीतली चिकटपट्टी, हे हाताला लागतं.

आता एक साधी चाचणी. कूलंट सेन्सरचा कपलर काढलेलाच ठेवून चावी ऑन करा आणि ॲप बघा. हात, ओढणी, बाही फॅनपासून लांब ठेवा, कारण सेन्सर तुटला असं समजून ईसीयू फॅन एकदम लावू शकतो. आधी भलताच आकडा होता आणि कपलर काढल्यावर उणे ४० आला, तर वायरी शॉर्ट नाहीत. चाचणीमुळे साठलेला कोड नंतर ॲपमधून पुसून टाका.

मग सेन्सर. पाचशे रुपयांच्या आत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवा आणि टोकं सेन्सरच्या दोन पिनांना लावा. पहाटे २८-३० अंशांना वर सांगितलेल्या प्रकारात पावणेदोन किलोओहमच्या आसपास दिसेल. काहीच न दिसणं म्हणजे आत तुटलाय, शून्य म्हणजे शॉर्ट.

खात्री करायची असेल तर सेन्सर काढून उकळत्या पाण्यात आणि मग बर्फाच्या पाण्यात धरा. ठाणे समुद्रसपाटीला असल्याने इथलं उकळतं पाणी १०० अंश आणि बर्फ घातलेलं शून्य, दोन अचूक थर्मामीटर घरात फुकट आहेत. रोध सलग बदलला पाहिजे, मध्येच उड्या मारायला नको. भांडं मात्र जुनं घ्या आणि नंतर स्वयंपाकात वापरू नका, कारण कूलंट विषारी असतं.

पहिल्यांदाच करत असाल तर चार पिनांच्या डबीला मल्टिमीटर लावू नका, तो भाग ऑटो इलेक्ट्रिशियनचा.

सेन्सर बदलताना

कूलंट सेन्सर लहान गाड्यांत बहुधा काहीशे रुपयांचा असतो. जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवूनच घ्या. सारखा दिसणारा पण वेगळ्या तक्त्याचा सेन्सर बसेल, आणि मग आकडा कायम दहा अंशांनी चुकत राहील.

इंजिन पूर्ण गार असताना कूलंटच्या टाकीचं झाकण सावकाश सैल करून उरलेला दाब सोडा. खाली परात ठेवा, अर्धा-एक ग्लास कूलंट सांडेल. नवी ओ-रिंग किंवा वॉशर घाला. सेन्सर बसतो ते घर प्लास्टिकचं किंवा ॲल्युमिनियमचं असतं, जोर लावून आवळलं तर आटे जातात. हाताने बसवून पान्याने थोडंच. जुन्या एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका.

शेवटी आत शिरलेली हवा काढायची. कूलंट भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन फॅन लागेपर्यंत चालू ठेवा, गार झाल्यावर पातळी परत बघा. काही गाड्यांना हवा सोडायचा वेगळा स्क्रू असतो, तो पुस्तिकेत दाखवलेला असतो. मग दुसऱ्या दिवशी पहाटेची तपासणी पुन्हा.

कूलंटबद्दल थोडं

“आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, पाणी चालतं,” असं सांगणारे भेटतात. कूलंट इथे गोठणं टाळण्यासाठी नाही, गंजणं आणि उकळणं टाळण्यासाठी लागतं. ते आतल्या धातूला गंजू देत नाही, आणि साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. बंद व्यवस्थेतला दाब त्यात भर घालतो: साधारण १ बारचा दाब धरणारं झाकण असेल तर पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणूनच झाकणाचा रबर सैल झाला की गाडी घाटात उकळते आणि दोष सेन्सरच्या माथी येतो. नळाच्या पाण्यातले क्षार सेन्सरच्या टोकावर थर धरतात, मग तो उशिरा जागा होतो. गाडी धुणाऱ्या मुलाला कूलंटच्या बाटलीत नळाचं पाणी टाकू नकोस असं स्पष्ट सांगा. रंग बघून दोन कंपन्यांची कूलंट मिसळू नका, रंगाला कुठलाच ठरलेला अर्थ नसतो. सांडलेलं लगेच पुसा आणि पाणी मारा. चवीला ते गोड असतं, आणि सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटून मरतात.

एसी आणि सीएनजी

तासभर गाडी चालली की एसीची हवा कमी होत जाते, पंखा चारवर असूनही झुळूकच येते. एसी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी लावला की परत जोरात, आणि गाडीखाली पाण्याचं तळं. हे बहुतेकदा कूलिंग कॉइलवर बर्फ जमल्यामुळे. कॉइल शून्याच्या जवळ आली की तिच्यावरचा सेन्सर कंप्रेसर बंद करायला लावतो. तो जागेवरून निसटला किंवा चुकला तर कंप्रेसर थांबत नाही आणि पावसाळी दमट हवेतलं पाणी कॉइलवर गोठतं. केबिन फिल्टर तुंबल्यानेही हेच होतं, म्हणून आधी ग्लोव्ह बॉक्समागचा फिल्टर बघा. ‘गॅस भरून घ्या’ हा यावरचा पहिला उपाय नव्हे.

बंपरमागचा सेन्सर मे महिन्यात उभ्या गाडीला ४४ दाखवतो, ते डांबराची आणि इंजिनची धग असते. चालत्या गाडीत तो खाली येतो. पार्किंगमध्ये बंपर घासल्यानंतर आकडा वेडावाकडा झाला तर तो लटकत असेल.

सीएनजीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. दाबाखालचा गॅस पसरताना रिड्यूसर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग, गार पडतो, म्हणून इंजिनचं गरम कूलंट त्यातून फिरवलेलं असतं. बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि ठरलेलं तापमान गाठल्यावरच गॅसवर जातात. कूलंट कमी असेल किंवा सेन्सर गार सांगत असेल, तर गाडी पेट्रोलवरच चालत राहते. पंपावरच्या रांगेत तासभर घालवून भरलेला गॅस तसाच राहतो, आणि लोक किट बदलायला निघतात. आधी पहाटेचे आकडे बघा.

लाल दिवा लागला तर

गायमुखच्या घाटात, मुंब्रा बायपासवर कंटेनरच्या मागे, कसाऱ्याच्या चढावर हे घडतं. त्याआधी बहुतेक वेळा एक इशारा मिळतो: एसी अचानक गरम हवा देतो, कारण ईसीयूने कंप्रेसर बंद केलेला असतो. त्या क्षणी, लाल दिवा लागण्याआधी, एसी बंद करा, काचा उघडा, हीटर पूर्ण गरम आणि पंखा पूर्ण वेगात. घामाघूम व्हाल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची उष्णता तो केबिनमधून बाहेर काढतो.

आकडा फार वर गेलेला नसेल आणि फॅन फिरत नसेल तर थांबून एकदा एसीचं बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत एसीबरोबर तोच फॅन लागतो. लागला तर मोटर ठीक, संशय सेन्सर किंवा त्याच्या वायरीवर. लागला नाही तर फ्यूज, रिले, मोटर. फोनवर मेकॅनिकला हे एवढं सांगितलंत तरी तो योग्य सामान घेऊन येईल.

लाल दिवा लागलाच तर हॅझर्ड लावून पहिल्या सुरक्षित जागी डावीकडे थांबा आणि इंजिन बंद करा. पुढच्या सिग्नलपर्यंत नेऊ म्हणत गाडी दामटली की हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) उडतं, हेड म्हणजे तो वरचा भाग बेंड होतो. बॉनेट वाफ निघत असताना उघडू नका. रेडिएटरचं झाकण तर अजिबात नाही, दाबाखालचं उकळतं कूलंट तोंडावर उडतं. तापलेल्या इंजिनवर बाटलीतलं गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. पाऊण तास थांबा, मुलांना रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभं करा, मागे त्रिकोण लावा. पाऊण तासाने वरचा होज पाइप हाताला सहन होईल इतका गार झाला असेल तर जाड फडक्याने झाकण पाव वळसा फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग उघडा. कूलंट नसेल तर अशा वेळी पिण्याचं पाणी चालतं, गॅरेजपर्यंत. गॅरेजमध्ये पोहोचल्यावर सांगायची वाक्यं मी ग्लोव्ह बॉक्समध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवली आहेत: पहाटे तिन्ही आकडे किती होते, फॅन एरवी किती अंशांना लागतो, आज किती अंशांना लागला नाही, एसीबरोबर लागतो का, कोड कोणता आला.